समीक्षेला उत्तर देताना

महाविद्यालयांतल्या मराठी, इंग्रजी आणि जनसंवादाच्या वर्गांत हल्ली एक स्वाध्याय वरचेवर दिला जातो. एक चित्रपट पाहा, त्यावर छापून आलेली एक समीक्षा वाचा आणि त्या समीक्षेला प्रतिसाद देणारा निबंध लिहा. वरवर पाहता काम सोपं आहे. चित्रपट मुलांना आवडतात, समीक्षा दोन-तीन पानांची असते आणि मत तर प्रत्येकालाच असतं. प्रत्यक्षात मात्र हे लेखन पदवीच्या वर्गांतल्या सर्वांत अवघड लेखनांपैकी एक आहे, आणि त्यावर दिला जाणारा अभिप्राय बहुतेक वेळा त्या अवघडपणाला हातही लावत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल होतात, शेवटच्या पानावर ‘चांगला प्रयत्न, आणखी खोलात जायला हवं’ असा शेरा येतो, शेजारी गुण येतात आणि निबंध फायलीत जातो. या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. अशा निबंधावरच्या अभिप्रायाचं पहिलं काम विद्यार्थ्याला पुन्हा मजकुराकडे पाठवणं हे आहे. मजकूर म्हणजे समीक्षेतली वाक्यं आणि चित्रपटातले प्रसंग. भाषा, मांडणी, मतांची धार हे सगळं त्यानंतरचं. आणि हे काम गुण देण्याच्या आधी व्हायला हवं, गुणांसोबत नव्हे.

हे लेखन अवघड का, ते आधी पाहू. शाळेपासून आपली मुलं कवितेचं रसग्रहण लिहीत आलेली असतात. रसग्रहणात कविता श्रेष्ठ आहे हे आधीच ठरलेलं असतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं या खणांत ते श्रेष्ठत्व वाटून दाखवायचं असतं. या सवयीचा फायदाही आहे, कारण तिच्यामुळे बारकाईनं वाचायला लागतं. पण समीक्षेला प्रतिसाद देताना हीच सवय आड येते. इथे समोर एक नव्हे, दोन कृती आहेत. चित्रपट आहे, आणि चित्रपटाविषयी कुणीतरी केलेला युक्तिवाद आहे. विद्यार्थ्यानं बोलायचं आहे ते त्या युक्तिवादाशी, पण साक्ष काढायची आहे ती चित्रपटाची. बरेचसे निबंध इथेच दोन दिशांना घसरतात. काही जण समीक्षा बाजूला ठेवून स्वतःचीच एक समीक्षा लिहितात; पहिल्या ओळीत समीक्षकाचं नाव येतं आणि पुन्हा कुठेच येत नाही. काही जण समीक्षेचा परिच्छेदागणिक सारांश देतात आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘हे मला पटते’ किंवा ‘हे मला पटत नाही’ असं जोडतात. दोन्हींत प्रतिसाद नाही. पहिल्यात दुसरा माणूस नाही, दुसऱ्यात स्वतः लेखक नाही.

ज्या समीक्षेला उत्तर द्यायचं, ती कशी तयार होते हेही विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही. वर्तमानपत्री समीक्षा शुक्रवारी प्रदर्शित झालेल्या चित्रपटावर शनिवार-रविवारपर्यंत छापायची असते. शब्दमर्यादा कडक असते. वर तारे द्यावे लागतात, आणि वाचक अनेकदा ताऱ्यांवरच थांबतो. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे समीक्षक ज्याच्यासाठी लिहितो त्या वाचकानं चित्रपट अजून पाहिलेला नसतो, म्हणून शेवट सांगायचा नाही असा संकेत तो पाळतो. विद्यार्थ्याचा वाचक वेगळा आहे. त्यानं चित्रपटही पाहिला आहे आणि समीक्षाही वाचली आहे. त्यामुळे विद्यार्थ्याला शेवटाबद्दल मोकळेपणानं बोलता येतं, समीक्षकाला येत नव्हतं. ‘समीक्षकांनी शेवटच्या प्रसंगाचा उल्लेखही केला नाही’ हा आक्षेप कित्येक निबंधांत दिसतो आणि तो अन्यायाचा असतो. समीक्षकानं काय पाहिलं नाही आणि त्याला काय सांगता येत नव्हतं, यांतला फरक दाखवून देणं हा चांगल्या अभिप्रायाचा एक भाग आहे. नियतकालिकातली प्रदीर्घ समीक्षा, फिल्म सोसायटीच्या अंकातला लेख किंवा चित्रपट येऊन दहा वर्षं झाल्यावर लिहिलेला निबंध यांना ही बंधनं नसतात. तिथे तोच आक्षेप रास्त ठरू शकतो.

उदाहरण घेतल्याशिवाय हे पुढे जाणार नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) घेऊ. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि चित्रपट-अभ्यासाच्या वर्गांत तो हमखास दाखवण्यासारखा आहे. नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला भरला जातो. आरोप असा की त्याचं गाणं ऐकून वासुदेव पवार नावाच्या, गटारात उतरून काम करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. चित्रपटभर कॅमेरा बहुतेक वेळा दूर उभा असतो, हलत नाही, आणि माणसं चौकटीत येऊन आपापली कामं करून निघून जातात. आता समजा, विद्यार्थ्याला दिलेल्या समीक्षेचा आशय असा आहे: विषय महत्त्वाचा आहे, पण कॅमेरा सतत अंतर राखतो, त्यामुळे पात्रांशी नातं जुळत नाही आणि चित्रपट संथ वाटतो. विद्यार्थी उत्तर लिहितो: ‘समीक्षकांनी हा चित्रपट नीट समजून घेतलेला नाही. चित्रपट संथ नसून वास्तववादी आहे. आपली न्यायव्यवस्था अशीच आहे. दिग्दर्शकाने समाजातील विदारक सत्य अत्यंत प्रभावीपणे मांडले आहे.’ वाक्यं शुद्ध आहेत, भूमिका ठाम आहे, आणि ती चूक आहे असंही म्हणता येणार नाही. नेहमीचे शेरे इथे ठरलेले असतात: ‘उदाहरणे द्या’, ‘विस्तार हवा’, ‘विदारक कसे?’ हे शेरे कुठल्याही निबंधाच्या कुठल्याही पानावर चालतील. ते वाचून विद्यार्थी काय करतो? ‘विदारक’च्या पुढे ‘आणि भयावह’ घालतो आणि एक परिच्छेद वाढवतो.

उपयोगी अभिप्राय वेगळ्या जागी बोट ठेवतो. पहिला प्रश्न समीक्षेचा: ‘संथ’ हा शब्द समीक्षेत कोणत्या वाक्यात आला आहे, आणि त्याआधी समीक्षकानं कोणतं कारण दिलं आहे? तक्रार वेगाची आहे की अंतराची? विद्यार्थी समीक्षा पुन्हा उघडतो आणि त्याला दिसतं की समीक्षकाची मूळ तक्रार अंतराबद्दल आहे. संथपणा हा त्यातून निघालेला निष्कर्ष आहे. आपण निष्कर्षाला उत्तर दिलं आणि कारणाला हात लावला नाही, हे त्याचं त्यालाच कळतं. दुसरा प्रश्न चित्रपटाचा: कॅमेरा दूर असलेला एक प्रसंग निवड, आणि तो जवळ गेला असता तर काय हरवलं असतं ते लिही. आता चित्रपट पुन्हा लावावा लागतो. वासुदेव पवारची बायको साक्ष द्यायला उभी राहते तो प्रसंग सापडतो. प्रश्न विचारले जातात, ती मोजकी उत्तरं देते. तिच्या त्या उत्तरांतून हळूहळू बाहेर येतं की सुरक्षेची साधनं नवऱ्याला मिळत नव्हती, दुर्गंधी सहन व्हावी म्हणून तो पिऊन खाली उतरायचा, आणि आत जाण्याआधी झुरळ बाहेर येतंय का ते पाहायचा, कारण झुरळ जिवंत दिसलं तर आत श्वास घेता येईल. आत्महत्येचा सगळा आरोप इथेच कोसळतो. पण कॅमेरा ना तिच्या चेहऱ्यावर झेपावत, ना न्यायाधीशांच्या. कोर्टाचं कामकाज जसं चाललेलं होतं तसंच चालू राहतं. एवढी मोठी गोष्ट उघड झाली तरी त्या खोलीत काहीच बदलत नाही, हे दाखवायचं तर खोली अख्खी दिसायला हवी. अंतराच्या तक्रारीला हे उत्तर आहे, आणि ते ‘वास्तववादी’ या शब्दात मावणारं नव्हतं.

आणखी एक गोष्ट घडते, आणि माझ्या मते अभिप्रायाचं खरं फळ तीच आहे. चित्रपटाकडे परत गेलेल्या विद्यार्थ्याला समीक्षकाची बाजूही दिसू लागते. बचाव पक्षाचा वकील सुपरमार्केटमध्ये वाइन आणि चीज घेताना दिसतो. सरकारी वकील असलेली बाई लोकलनं घरी जाते, मुलाला पाळणाघरातून घेते, स्वयंपाक करते, सुट्टीच्या दिवशी कुटुंबाबरोबर नाटकाला जाते. न्यायाधीश शेवटी रिसॉर्टवर सहलीला गेलेले दिसतात. कांबळे सुरुवातीला मुलांची शिकवणी घेताना भेटतो खरा, पण या तिघांच्या खासगी आयुष्याला चित्रपट जेवढा वेळ देतो तेवढा त्याच्या आयुष्याला देत नाही. मग समीक्षकाला जे नातं जुळत नाही असं वाटलं, ते कुणाशी? कांबळेशी असेल तर त्यात तथ्य आहे. ते जाणूनबुजून केलेलं आहे का, आणि असेल तर कशासाठी, हा आता विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रश्न झाला. ‘समीक्षकांनी चित्रपट समजून घेतलेला नाही’ या वाक्यापासून सुरू झालेला निबंध ‘समीक्षकांनी योग्य जागी बोट ठेवलं, पण कारण वेगळं आहे’ इथपर्यंत येतो. मत बदललं पाहिजे अशी सक्ती कुणी केली नव्हती. पुरावा समोर आला म्हणून ते बारीक झालं, टोकदार झालं.

यात परकं काही नाही. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि मग उत्तरपक्ष, अशी रीत होती. शांकरभाष्यापासून मीमांसेच्या ग्रंथांपर्यंत प्रतिपक्षाचं म्हणणं इतकं नेटकं मांडलेलं असतं की नवख्या वाचकाला कधी कधी तेच ग्रंथकाराचं मत वाटावं. यामागचा विचार साधा आहे. प्रतिपक्ष दुबळा करून मांडला तर त्याचं खंडनही दुबळंच होतं. समीक्षेला प्रतिसाद देणाऱ्या विद्यार्थ्यानं पहिल्या पानावर पूर्वपक्ष लिहावा, आणि अभिप्राय देणाऱ्यानं आधी तेवढंच पान तपासावं, असा माझा आग्रह आहे. समीक्षकानं हे पान वाचलं तर ‘हो, मी हेच म्हटलं होतं’ असं तो म्हणेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर पुढची पानं तपासण्यात अर्थ नाही. ती कुणा दुसऱ्यालाच उद्देशून लिहिलेली आहेत.

समीक्षेला दिलेलं उत्तर किती समृद्ध होऊ शकतं याचा नमुना पाहायचा असेल तर सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’कडे वळावं. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या दीर्घकथेवरचा हा चित्रपट 1964 साली आला. मूळ कथेपासून फारकत घेतल्याबद्दल अशोक रुद्र यांनी ‘परिचय’ या बंगाली नियतकालिकात रायांवर कडक टीका केली, आणि रायांनी तिला सविस्तर उत्तर दिलं. दिग्दर्शक मोठा होता, त्याला ‘तुम्हाला चित्रपट कळत नाही’ एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. मूळ कथेतले प्रसंग आणि चित्रपटातले प्रसंग शेजारी ठेवून कुठे काय बदललं आणि का बदललं, याची कारणं त्यांनी दिली. कथाकाराला एका वाक्यात महिने उलटवता येतात, चित्रपटकाराला तो काळ प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर घडवावा लागतो. कथा चारूचा एकटेपणा निवेदनातून सांगू शकते. चित्रपट सुरू होतो तेव्हा चारू दुर्बीण डोळ्यांना लावून या खिडकीतून त्या खिडकीत रस्त्यावरची माणसं पाहत फिरते. पुस्तकात डोकं घातलेला नवरा तिच्या शेजारून तिच्याकडे न बघता निघून जातो आणि ती त्याच दुर्बिणीतून पाठमोऱ्या त्याला न्याहाळते. संवाद जवळजवळ नाहीत. हा प्रसंग कथेतला नाही, पण कथेचं म्हणणं त्यात पुरेपूर उतरलं आहे. शेवटाचंही तेच. कथेत भूपती म्हैसूरला निघतो, चारू बरोबर न्यायला सांगते, तो कचरतो, आणि नंतर तो तयार होतो तेव्हा तीच नको म्हणते. चित्रपटात एकमेकांकडे निघालेले दोन हात मध्येच थिजतात. मूळ कृतीशी इमान म्हणजे काय, या रुद्रांच्या प्रश्नाला असं शेजारी-शेजारी ठेवूनच उत्तर देता येतं. विद्यार्थ्यांना हा वाद वाचायला द्यावा, आणि दोन्ही बाजू द्याव्यात.

पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, मृणाल सेन यांच्या ‘आकाश कुसुम’वरून ‘स्टेट्समन’च्या पत्रव्यवहारात सेन, कथालेखक आशिष बर्मन आणि स्वतः राय यांच्यात जुंपली. तो वाद आठवडेच्या आठवडे रंगला आणि आजही आवडीनं सांगितला जातो. पण ‘चारुलता’विषयीच्या उत्तराशेजारी तो ठेवला की फरक जाणवतो. पत्रांची धार वाढत गेली तसा चित्रपट मागे पडत गेला. तेच राय, तीच बुद्धी. एका ठिकाणी प्रसंगांकडे परत जाणं होतं, दुसऱ्या ठिकाणी समोरच्याच्या वाक्यावर वाक्य होतं. विद्यार्थ्याच्या निबंधात ही दुसरी चाल दिसली की अभिप्राय देणाऱ्यानं लगेच थांबवावं, निबंध कितीही चटकदार असला तरी. चटकदार असेल तर जरा जास्तच.

अभिप्रायाच्या परिणामांवर शिक्षणक्षेत्रात बरंच संशोधन झालं आहे आणि त्यातल्या काही गोष्टी आपल्या वर्गांना थेट लागू पडतात. नॅन्सी सॉमर्स यांनी 1982 साली विद्यार्थ्यांच्या लेखनावरच्या शिक्षकांच्या शेऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यांना दिसलं की बहुतेक शेरे एका निबंधावरून उचलून दुसऱ्यावर चिकटवता येतील असे होते. शिवाय ते एकमेकांच्या विरोधातही जात. एकाच परिच्छेदात एका वाक्यातला स्वल्पविराम दुरुस्त केलेला असे आणि शेजारी ‘हा परिच्छेद नव्यानं विचार करून लिहा’ अशी सूचना असे. जे वाक्य उद्या राहणारच नाही, त्याचा स्वल्पविराम आज कशाला? रूथ बटलर यांनी 1988 साली शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. शेरेच मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं आणि कामातला रसही टिकला. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा लाभ झाल्याचं दिसलं नाही. आणि अव्राहम क्लूगर व अँजेलो डेनिसी यांनी 1996 साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सरासरीनं अभिप्रायाचा फायदा होत असला तरी एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी उलट खालावल्याचं आढळलं. लक्ष कामावरून हटून स्वतःकडे, म्हणजे ‘मी हुशार की ढ’ याकडे गेलं की अभिप्राय बाधतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ‘तुझी निरीक्षणशक्ती उत्तम आहे’ हे वाक्य प्रेमाचं असलं तरी त्यानं निबंध हलत नाही. ‘साक्षीच्या प्रसंगात न्यायाधीश नेमकं काय करत होते ते पाहून ये’ या वाक्यानं हलतो.

यावर पहिला आक्षेप मराठीच्या शिक्षकांकडून येतो, आणि तो मी गंभीरपणे घेते. लेखन धड नसेल तर विचार कुठून दिसणार? शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करून तुम्ही भाषेचं नुकसान करता आहात. भाषेकडे दुर्लक्ष करावं असं माझं म्हणणं नाही. क्रम बदलावा एवढंच आहे. पहिल्या खर्ड्यावर प्रमाणलेखनाची एकही खूण करू नये, दुसऱ्यावर जरूर करावी. शिवाय अशा निबंधातल्या भाषेच्या पुष्कळ चुका विचार अर्धवट राहिल्यामुळे होतात. ‘दिग्दर्शकाने अत्यंत प्रभावीपणे मांडले आहे’ हे वाक्य व्याकरणानं निर्दोष आहे, तरी ते वाईट मराठी आहे, कारण त्यात कुणी काही पाहिलेलं नाही. प्रसंग नीट पाहिला की क्रियापदं आपोआप नेमकी होतात. खोली ‘अंधारते’, दिवे ‘एकेक करून मालवले जातात’, बाई ‘मान खाली घालून उत्तर देते’. मराठीची सेवा यानं होते, नुसत्या वेलांट्या बदलून होत नाही. जो विद्यार्थी घरी वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलतो, त्याच्या पहिल्याच पानावर लाल खुणांचा पाऊस पडला तर दुसरं पान तो मुळात लिहीतच नाही, हेही इथे सांगायला हवं.

दुसरा आक्षेप वेळेचा. वर्गात ऐंशी-शंभर मुलं, तीन विषय, परीक्षेचं काम, वर आणखी कार्यालयीन अहवाल. अशात प्रत्येकाचा निबंध दोनदा कोण वाचणार? ही अडचण खरी आहे आणि ती शिक्षकांच्या आळसातून आलेली नाही. म्हणूनच अभिप्राय लांब नको, अचूक हवा. शंभर निबंधांवर प्रत्येकी बारा शेरे लिहिण्याऐवजी प्रत्येकाच्या पूर्वपक्षाच्या पानावर एक प्रश्न लिहिला तर श्रम कमीच होतात. सगळा वर्ग एकाच चित्रपटावर आणि एकाच समीक्षेवर लिहीत असेल तर आणखी एक सोय होते. समीक्षेतलं एखादं वादग्रस्त वाक्य फळ्यावर लिहायचं, तो पाच मिनिटांचा प्रसंग दोनदा लावायचा, आणि वाक्य व प्रसंग यांची गाठ घालायला सगळ्यांना लावायचं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांच्या रसास्वाद शिबिरांतून हीच पद्धत रुजली. तिथले शिक्षक सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ शिकवायचे ते असेच, प्रसंग पुन्हा पुन्हा थांबवून, दृश्यामागून दृश्य उलगडत. त्या काळी चित्रपटाची रिळं मागवावी लागत. आज तोच प्रसंग मोबाइलवर मागे-पुढे करता येतो. अडचण साधनांची राहिलेली नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खोल आहे. कलेच्या बाबतीत शेवटी आवडनिवडच असते. मग विद्यार्थ्याच्या मतावर अभिप्राय देणारे तुम्ही कोण? आणि तुम्ही प्रश्न विचारलेत की मुलं तुमच्या मनातलं उत्तर ओळखून तेच लिहिणार. या आक्षेपातला दुसरा भाग मला जास्त बोचतो, कारण तसं घडतं. वर्गात कुणाच्या हातात गुण आहेत हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. शिक्षकानं ‘मला तर हा चित्रपट मुळीच संथ वाटला नाही’ एवढंच म्हटलं तरी पुढच्या आठवड्यात निम्मे निबंध त्याच सुरात येतात. म्हणून अभिप्रायात निवाडा नको, प्रश्न हवा, आणि प्रश्नही असा की त्याचं उत्तर शिक्षकाच्या मनात नसून पडद्यावर किंवा छापील पानावर असेल. ‘तुला खरंच असं वाटतं का?’ हा प्रश्न शिक्षकाकडे बघायला लावतो. ‘हे कोणत्या प्रसंगात दिसलं?’ हा प्रश्न चित्रपटाकडे बघायला लावतो. आवडनिवडीबद्दल म्हणाल तर तिला कुणी हात लावत नाही. ‘कोर्ट’ कंटाळवाणा वाटला असं कुणी लिहिलं तर तो त्याचा हक्क आहे. पण ‘कॅमेरा कुठेच जवळ जात नाही’ हे विधान आवडीचं नाही, वस्तुस्थितीचं आहे. ते चित्रपट लावून तपासता येतं आणि तपासायला हवं. समीक्षेची बरीचशी भांडणं अशा तपासण्याजोग्या विधानांवर उभी असतात, आणि ती विधानं आवडीपासून वेगळी काढता येणं हे या स्वाध्यायातून मिळणारं सर्वांत टिकाऊ कौशल्य आहे.

मुलं आता संगणकीय लेखन-साहाय्यकांकडूनही अभिप्राय घेतात. त्याला नुसतं नाक मुरडून उपयोग नाही. वाक्य सुटसुटीत करणं, पुनरुक्ती दाखवणं ही कामं त्यांच्याकडून होतात. पण ती साधनं चित्रपटाविषयी आत्मविश्वासानं चुकीचंही सांगतात. एखादा प्रसंग नसलेल्या जागी नेऊन ठेवतात, एका पात्राचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालतात. ज्या विद्यार्थ्याला प्रसंग स्वतः पडताळायची सवय लागली आहे त्याला ही चूक क्षणात दिसते. ज्याला ती लागलेली नाही, त्याच्या निबंधात ती जशीच्या तशी उतरते.

राहता राहिला विद्यार्थी. अभिप्राय मागायचा कसा, हेही शिकावं लागतं. ‘सर, निबंध कसा झालाय ते सांगा’ किंवा ‘मॅडम, एकदा नजर टाका’ या विनंतीला ‘बरा आहे’ याहून वेगळं उत्तर येणं कठीण. निबंध देताना समीक्षेची प्रत सोबत जोडावी आणि ज्या वाक्याला उत्तर दिलं आहे ते अधोरेखित करावं. चित्रपटातल्या ज्या प्रसंगांचा आधार घेतला, ते कोणत्या मिनिटाला येतात ते समासात लिहावं, म्हणजे वाचणाऱ्यालाही पडताळता येतं. आणि प्रश्न एकच विचारावा, पण नेमका: ‘समीक्षकाचं म्हणणं मी पूर्ण मांडलं आहे का?’ किंवा ‘तिसऱ्या परिच्छेदातल्या प्रसंगावरून हा निष्कर्ष निघतो का?’ मैत्रिणीला, भावाला, वसतिगृहातल्या खोलीसोबत्यालाही हा प्रश्न विचारता येतो, त्यांनी चित्रपट पाहिलेला असला म्हणजे झालं. अभिप्राय हातात आला की सगळ्या सूचना मान्य केल्याच पाहिजेत असं नाही. एखादी सूचना नाकारायची असेल तर नाकारावी, पण नाकारण्याचं कारण निबंधातच, पुराव्यासह लिहावं. शिक्षकानंही ते कारण वाचून, पटलं तर आपला शेरा मागे घ्यावा.